नवख्यांसाठी भुयार : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रारंभिक साहसपुस्तिकांची चिकित्सा

प्रस्तावना

खेळाच्या साहित्याकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. बुद्धिबळावर, मोक्षपटावर सांस्कृतिक अंगाने लिहिले गेले आहे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जन्मलेल्या भूमिकानिष्ठ खेळाचा विचार मराठीतून क्वचितच झाला. या खेळाला पट नसला तरी चालतो आणि सोंगट्या नसल्या तरी अडत नाही. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेतो आणि एक जण उरलेल्या सर्व जगाचा भार वाहतो. या शेवटच्या खेळाडूस मूळ इंग्रजीत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याच्यासाठी ‘सूत्रधार’ ही संज्ञा योजली आहे. नाट्यशास्त्रातील सूत्रधाराला नाटकाचा शेवट ठाऊक असतो, येथील सूत्रधाराला तो ठाऊक नसतो, एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथून टॅक्टिकल स्टडीज रूल्स या छोट्या प्रकाशनसंस्थेने बाजारात आणला. युद्धखेळांचा सराव असलेल्यांनी युद्धखेळांचा सराव असलेल्यांसाठी लिहिलेली ती पुस्तके होती आणि बाहेरच्या वाचकाला ती जवळजवळ दुर्बोध होती. त्यामुळे ‘नवख्याला हा खेळ शिकवायचा कसा?’ हा प्रश्न खेळाच्या जन्माबरोबरच जन्मला. नियमांची सुबोध मांडणी हे त्याचे एक उत्तर. दुसरे, अधिक महत्त्वाचे उत्तर म्हणजे तयार साहसपुस्तिका, म्हणजेच सूत्रधाराच्या हाती द्यावयाचे एक पूर्ण भुयार : त्याचा नकाशा, त्यातील दालने, त्यात दडलेले प्राणी, सापळे आणि धन. नवखा खेळाडू नियम वाचून खेळ शिकत नाही, पहिल्या भुयारात उतरून शिकतो. ते पहिले भुयार कसे बांधले आहे, यावर खेळाविषयीची त्याची कायमची समजूत ठरते. म्हणूनच या पुस्तिकांचे परीक्षण हे पाठ्यपुस्तकांच्या परीक्षणाइतकेच गांभीर्याने व्हावयास हवे.

रिकाम्या दालनांचे धाडस

१९७७ मध्ये जे. एरिक होम्स या मज्जाविकारतज्ज्ञाने मूळ नियमांचे संपादन करून नवशिक्यांसाठी पहिला ‘बेसिक सेट’ सिद्ध केला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत माइक कार यांची ‘इन सर्च ऑफ द अननोन’ ही पुस्तिका समाविष्ट झाली. रोगान आणि झेलिगार या दोन वीरांनी बांधलेला आणि आता ओस पडलेला ‘क्वास्क्वेटन’ नावाचा दुमजली गड हे तिचे स्थळ. कार यांनी दालनांची वर्णने भरघोस दिली. परंतु त्यांत कोणता प्राणी आहे आणि कोणते धन आहे, या जागा कोऱ्या सोडल्या. शेवटी प्राण्यांची व धनाची यादी दिली आणि सूत्रधाराने त्यांतून निवड करून त्या जागा स्वहस्ते भराव्यात अशी योजना केली.

ही योजना आजही विचक्षण वाटते. सूत्रधार हा वाचक नव्हे, तो सहलेखक आहे, हे तत्त्व तिने पहिल्याच पानापासून कृतीत आणले. त्यातील कुंडांचे दालन तर विशेष उल्लेखनीय आहे. एका कुंडात आम्ल, एकात मद्य, एकात जखमा भरून काढणारे पाणी, अशी ती रचना. तेथे लढाई नाही. बोट बुडवायचे की आधी काठी बुडवायची एवढाच प्रश्न आहे. नवख्याला सावध कुतूहल शिकविण्याचा याहून सोपा मार्ग सापडणे कठीण.

तथापि कोऱ्या जागा भरावयास सांगणे म्हणजे शिकविणे नव्हे. ज्याने एकदाही खेळ पाहिलेला नाही, त्याला एका दालनात किती शत्रू ठेवणे योग्य याचा अंदाज कोठून यावा? निबंध लिहिण्याचा पहिलाच तास असलेल्या विद्यार्थ्याला कोरा कागद आणि शब्दांची यादी द्यावी, तसा हा प्रकार आहे. हुशार विद्यार्थी तरतो. बाकीचे स्वतःला दोष देतात. क्वास्क्वेटनचे नकाशे वळणावळणाचे, फसव्या वाटांचे आहेत. पण त्या वळणांना कारण नाही. गडात राहणारे कोण, ते काय खातात, एकमेकांशी कसे वागतात, हे प्रश्न यादीतून आलेल्या प्राण्यांना विचारता येत नाहीत.

सीमेवरचा किल्ला

कार यांच्या पुस्तिकेची जागा लवकरच गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या पुस्तिकेने घेतली. टॉम मोल्डवे यांनी १९८१ मध्ये संपादित केलेल्या संचातही तीच होती. त्यामुळे एका संपूर्ण पिढीचे पहिले भुयार म्हणजे हीच पुस्तिका, असे म्हणण्यास हरकत नाही. एका बाजूला सुसंस्कृत राज्याच्या सीमेवरील किल्ला आणि दुसऱ्या बाजूला ‘केव्ह्ज ऑफ केऑस’ ही गुहांनी पोखरलेली घळ, असे तिचे दोन ध्रुव आहेत. घळीत कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, बगबेअर, नोल अशा टोळ्या शेजारी शेजारी राहतात. एका गुहेत मिनोटॉर आहे, एका ठिकाणी दुष्टशक्तीचे मंदिर आहे.

या रचनेचे मोठेपण तिच्या जिवंतपणात आहे. टोळ्यांमध्ये आपसांत वैर आहे. गॉब्लिन व हॉबगॉब्लिन एका बाजूस, ऑर्क दुसऱ्या बाजूस, आणि आपण सर्वांच्या विस्मरणात राहावे अशी इच्छा बाळगणारे कोबोल्ड तिसरीकडे. हे वैर हेरून एका टोळीला दुसरीवर घालण्याची मुभा खेळाडूंना आहे. संकटात सापडलेले गॉब्लिन शेजारच्या ऑगर नामक राक्षसाकडे नाण्यांची थैली फेकून त्याची मदत विकत घेतात, हा तपशील तर एका ओळीत अख्खे अर्थकारण सांगून जातो. एकदा हल्ला झाला की गुहावासी शहाणे होतात, पहारे वाढवितात, अशीही सूचना गायगॅक्स करतात. किल्ल्यातील गावगप्पांच्या तक्त्यात खऱ्या-खोट्या अफवा मिसळल्या आहेत. ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत ‘आम्ही शरण आलो’, ही त्यांतील अफवा निखालस खोटी आहे. ऐकीव माहिती तपासून घ्यावी, हा धडा एका विनोदातून दिला जातो. पुढील काळातील किती पुस्तिकांना हे साधले, हा प्रश्नच आहे.

पण जग उत्तम असणे आणि शिक्षक उत्तम असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. घळीतील पहिल्या, म्हणजे सर्वांत सोप्या समजल्या जाणाऱ्या कोबोल्ड गुहेचे उदाहरण घ्यावे. प्रवेशद्वारापासून ३० फुटांवर एक झाकलेला खड्डा आहे. पुढची जमीन चाचपत न चालणाऱ्या आघाडीच्या प्रत्येक व्यक्तीस त्यात पडण्याची शक्यता सहांत तीन. पडल्यास १ ते ६ गुणांची इजा. त्या काळच्या नियमांनुसार पहिल्या पातळीवरील योद्ध्याचे प्राणगुण आठ पैलूंच्या फाशाने ठरत, जादूगाराचे चार पैलूंच्या फाशाने, आणि प्राणगुण शून्य झाले की मृत्यू. शरीरबळामुळे होणारा फरक बाजूला ठेवून हिशेब केला तर खड्ड्यात पडलेला योद्धा मरण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के येते. म्हणजे बेसावधपणे आत शिरणाऱ्या योद्ध्याला पहिल्या ३० फुटांतच मरणाची शक्यता सुमारे २२ टक्के. जादूगार खड्ड्यात पडला, किंवा शत्रूचा एक वार त्याला लागला, तर चारांपैकी तीन वेळा तो मरतो.

धोका असणे हा येथे आक्षेप नाही. धोक्यावाचून भुयाराला अर्थच उरत नाही. आक्षेप असा की हा धोका वाचता येत नाही. खड्ड्यापूर्वी जमिनीवर काही खूण नाही, पोकळ आवाजाची सूचना नाही, आधी पडलेल्या कोणाचा सांगाडा नाही. अनुभवी खेळाडू दहा फुटी काठीने जमीन चाचपत चालतो, कारण तो अशा खड्ड्यात आधी मेलेला असतो. नवख्याला तो धडा मिळतो तो केवळ शिक्षेच्या रूपाने. छडीने पाढे पाठ होतात हे खरे. परंतु छडीखालून किती मुले शाळा सोडून गेली, याचा हिशेब पाढे पाठ झालेल्यांकडून मिळत नाही. या पुस्तिकेच्या गोड आठवणी सांगणारे सर्व जण टिकून राहिलेले आहेत, ही बाब तिच्या स्तुतीचे मोल ठरविताना विसरता कामा नये.

पुस्तिकेतील दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. गुहांतील टोळ्यांमध्ये लढणाऱ्यांबरोबर माद्या आणि पिल्लेही आहेत, त्यांची संख्या नोंदविलेली आहे. परंतु हाती तलवार घेतलेला नवखा खेळाडू त्यांच्यासमोर उभा राहिला तर काय, याबद्दल मजकूर मौन पाळतो. गायगॅक्स यांनी टोळ्यांना कुटुंब दिले, राजकारण दिले, व्यवहार दिला. आणि त्यानंतर ‘सुव्यवस्था विरुद्ध अनागोंदी’ या दोन शब्दांत त्यांचा निकाल लावला. सीमेवरचा किल्ला, पलीकडची ‘रानटी’ घळ आणि तेथील धन लुटून परत किल्ल्यात येऊन विकणारे साहसवीर, या चित्रामागे अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराची कथा उघड दिसते. वसाहतीचा इतिहास दुसऱ्या बाजूने अनुभवलेल्या आपल्या वाचकाला ती दिसण्यासाठी भिंगाची गरज पडणार नाही. खेळाचे आजचे प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी २०२० मध्ये ऑर्क आदी वंशांच्या सरसकट दुष्ट चित्रणाचा फेरविचार जाहीरपणे मान्य केला. हा प्रश्न पहिल्या भुयारातच निर्माण झाला होता. मात्र एक गोष्ट गायगॅक्स यांच्या बाजूने नोंदवावी लागते : पिल्ले मोजली नसती तर प्रश्नही पडला नसता. त्यांच्या जगाचा सच्चेपणा त्यांच्या निकालाच्या विरोधात साक्ष देतो.

परांची आणि तिचे उतरविणे

१९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी संपादित केलेल्या संचाने मार्ग पूर्णपणे बदलला. खेळाडूच्या पुस्तकाच्या आरंभी नियम नाहीत, गोष्ट आहे आणि ती द्वितीय पुरुषी आहे. वाचक एकटाच एका योद्ध्याच्या भूमिकेत गुहेत शिरतो. एक गॉब्लिन भेटतो, एक साप डसतो, अलीना नावाची धर्मोपासक तरुणी त्याच्या जखमा बऱ्या करते आणि बार्गल हा दुष्ट जादूगार शेवटी तिचा बळी घेतो. प्रत्येक प्रसंगाबरोबर एकेक संज्ञा येते : आधी प्राणगुण, नंतर वार लागण्याची संख्या, मग जादूपासून बचावाचा फासा. संज्ञेची गरज भासते तेव्हाच संज्ञा भेटते. अध्यापनाच्या दृष्टीने ही मांडणी जवळजवळ निर्दोष आहे.

त्याहूनही लक्षणीय आहे ती सूत्रधाराच्या पुस्तकातील मिस्टामेअर किल्ल्याची योजना. तेथे पहिला भाग सूत्रधाराला तपशीलवार लिहून मिळतो. त्याखालच्या मजल्याचा नकाशा मिळतो, पण आतील भर त्याने घालावयाची असते. त्यानंतरचे सर्व काही त्याने स्वतः रचावयाचे असते. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये अध्यापनासंदर्भात परांचीचे रूपक मांडले. इमारत उभी राहीपर्यंत परांची हवी आणि उभी राहिली की ती टप्प्याटप्प्याने उतरवावयास हवी, असे त्याचे सार आहे. मेंट्झर यांनी तो प्रबंध वाचला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या पुस्तकात तो विचार आचरणात आलेला दिसतो. कार यांनी परांचीच दिली नव्हती, गायगॅक्स यांनी ती कधी उतरवावी हे सांगितले नव्हते.

तरीही मेंट्झर यांच्या आरंभकथेत एक उणीव राहतेच. बार्गलच्या जादूपासून वाचक बचावला काय किंवा फसला काय, अलीना मरतेच. फासा टाकण्याची क्रिया आहे, पण त्या फाशाला या बाबतीत वजन नाही. भावनेचा चटका लावण्यासाठी एका स्त्रीपात्राचा बळी देणे ही तर कादंबरीकारांची जुनी युक्ती. ती येथे अगदी पहिल्या धड्यात योजली गेली आहे. वाचक हळहळतो आणि खेळाकडे ओढला जातो, हे खरे. पण या खेळाचा गाभा म्हणजे ‘माझ्या निवडीने गोष्ट बदलते’ हा अनुभव आहे, आणि नेमका तोच अनुभव पहिल्या गोष्टीत नाकारला जातो.

क्रॅगमॉ गुहेचा धडा

१९९७ मध्ये टीएसआर ही संस्था विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २०१४ मध्ये खेळाची पाचवी आवृत्ती आली. तिच्या ‘स्टार्टर सेट’मधील ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ ही रिचर्ड बेकर व ख्रिस्तोफर पर्किन्स यांची ६४ पानी पुस्तिका नवख्यांसाठीच्या रचनेचा आजवरचा सर्वांत परिपक्व नमुना ठरते. तिचा आरंभ मात्र फसलेला आहे. फँडालिन गावाकडे माल घेऊन निघालेल्या खेळाडूंना वाटेत मेलेले घोडे दिसतात आणि झुडपांत दबा धरलेले चार गॉब्लिन हल्ला करतात. पहिल्याच प्रसंगी निवडीला वाव नाही. गॉब्लिनच्या एका वाराची इजा ३ ते ८ गुण. शरीरबळाची भर नसलेल्या जादूगाराचे प्राणगुण ६. म्हणजे लागलेल्या दोन वारांपैकी एक त्याला खाली पाडू शकतो. खेळाडू हरण्याची शक्यता कमी आहे असे पुस्तिका गृहीत धरते. अनेक टेबलांवर ते गृहीत टिकलेले नाही.

परंतु येथेच जुन्या व नव्या विचारातील मूलभूत फरक दिसतो. प्राणगुण शून्य होणे म्हणजे आता मृत्यू नव्हे, तर बेशुद्धी. शिवाय सर्व जण पडले तर काय, याचे उत्तर पुस्तिकेतच आहे : गॉब्लिन त्यांना लुटून तसेच टाकून जातात आणि शुद्धीवर आलेले खेळाडू गाव गाठू शकतात. पराभव ही गोष्टीची समाप्ती नसून तिचे एक वळण आहे, हे नवख्या सूत्रधाराला नेमक्या वेळी सांगितले जाते. घळीतल्या खड्ड्याशी याची तुलना केली म्हणजे पस्तीस वर्षांतील प्रगती कशात झाली ते कळते. धोका कमी झालेला नाही. चूक केल्यावर परत येण्याची वाट तेवढी ठेवली गेली.

त्यानंतरची क्रॅगमॉ गुहा हे लहानसे भुयार स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. तिच्यातून एक ओढा वाहतो. आत शिरल्यावर डाव्या-उजव्या निवडीऐवजी अर्थपूर्ण निवडी समोर येतात. ओढ्याच्या काठाने जावे, तर वरच्या पुलावरून टेहळणी करणारा गॉब्लिन इशारा देईल आणि आतील बांध फोडून पाण्याचा लोंढा सोडला जाईल. लांडग्यांच्या खोलीतून जावे, तर तेथील उभ्या भेगेतून चढून थेट टोळीप्रमुख क्लार्गच्या दालनात पोहोचता येते. पण आधी लांडग्यांची समजूत घालावी लागेल किंवा त्यांच्याशी लढावे लागेल. वाटा एकमेकींना जोडल्या गेल्याने गुहा एका सरळ नळीसारखी राहत नाही. जेनेल जॅक्वेज यांनी १९७९ च्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’मध्ये विस्ताराने साधलेले हे वेटोळे येथे मोजक्या दालनांत, नवख्याला पेलेल अशा मापात उतरले आहे.

आणि यीमिक. हा दुय्यम गॉब्लिन सिल्डार नामक कैद्याला कड्यावर धरून खेळाडूंशी सौदा करतो : क्लार्गला ठार करा, कैदी घेऊन जा. गायगॅक्स यांच्या घळीत टोळ्यांचे वैर सूत्रधाराच्या टिपणात होते; ते खेळाडूंच्या कानी पडेलच याची शाश्वती नव्हती. येथे ते वैर स्वतः पुढे येऊन बोलते. शत्रूशी बोलता येते, त्याचेही हेतू असतात, तो खोटेही बोलू शकतो, ही तीन सत्ये खेळाडूला पहिल्याच भुयारात समोरासमोर भेटतात. ‘अनागोंदी’ या एका शब्दाने निकालात काढलेल्या प्राण्याला येथे तोंड मिळाले, हा बदल केवळ रचनातंत्रातील नाही.

तोच विवेक पुढे थंडरट्री या उजाड गावातील हिरव्या ड्रॅगनच्या बाबतीत दिसतो. व्हेनमफँग हा ड्रॅगन खेळाडूंच्या आवाक्याबाहेरचा आहे. परंतु तो अचानक समोर येऊन ठाकत नाही. रीडॉथ हा वृद्ध साधक त्याच्याविषयी आधीच सावध करतो. या सूचनेनंतर जो पुढे जातो तो जाणून जातो. मेला तरी त्याला फसविले गेल्याची भावना होत नाही.

पूर्णत्वाचा दावा मात्र या पुस्तिकेसाठीही करता येणार नाही. चौकटीत छापलेला, मोठ्याने वाचून दाखविण्याचा मजकूर सूत्रधाराला आधार देतो तसा पांगळाही करतो. खेळाडूंनी प्रश्न विचारला की वाचणारा पानात शोधू लागतो आणि टेबलावरचे जग थांबते. तयार पात्रे दिल्याने सुरुवात लवकर होते, पण त्यांचे पूर्वचरित्रही दुसऱ्यानेच लिहिलेले असते. मुख्य म्हणजे मेंट्झर यांनी जी परांची टप्प्याटप्प्याने उतरविली, ती येथे शेवटपर्यंत उभीच राहते. चौथा भाग पहिल्याइतकाच तपशीलवार आहे. पुस्तिका संपते तेव्हा सूत्रधाराला एक उत्तम गोष्ट चालविता आलेली असते. स्वतःचे एक दालन रचण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते, आणि पुढील पुस्तिका विकत घेण्याची सवय तेवढी लागलेली असते. प्रकाशकाच्या हिशेबी ही उणीव नसावी.

२०२५ मध्ये याच प्रकाशकाने ‘हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स’ या नव्या प्रारंभिक संचातून गायगॅक्स यांचा किल्ला व त्या गुहा नवख्यांसमोर पुन्हा ठेवल्या. सेहेचाळीस वर्षांनी त्याच घळीकडे परतावेसे वाटले, याचे कारण स्मरणरंजन एवढेच नसावे. तिच्यातील टोळ्या, अफवा आणि वैरे अजूनही कामाची आहेत. कोबोल्डांच्या दारातील खड्ड्यावर या वेळी काही खूण आहे काय आणि आतल्या पिल्लांविषयी सूत्रधाराला काही सांगितले आहे काय, या दोन जागा त्या संचाच्या परीक्षकाने सर्वप्रथम तपासाव्यात.